छावणी उठल्यावर उरलेली मांजर

जनावरांची छावणी उठते तेव्हा माणसे बरोबर काय काय नेतात, हे मी त्या दुष्काळात तलवाड्यात उभी राहून पाहिले. दावी, खुंटे, पेंडीची रिकामी पोती, उसाच्या शेंड्यांची उरलेली वाढी, सगळे ट्रॉलीत चढले. एका बाईने तर चुलीचे तीन काळे दगडही घेतले. मांजरे मात्र कोणी नेली नाहीत. त्यांना टाकून दिले असे म्हणणेही बरोबर होणार नाही, कारण ती कोणाची, हा प्रश्नच तिथे कधी निघाला नव्हता. म्हशींच्या कानात बिल्ले होते आणि बैलांची नोंद होती. मांजरे चाऱ्यातल्या उंदरांमागे आली होती आणि सांडलेल्या दुधामागे राहिली होती.

मी तेव्हा गावातल्या सहकारी दूध संस्थेत तपासनीस होते. जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी हातात होती, संशोधनासाठी चार ठिकाणी अर्ज गेले होते आणि उत्तरे येईपर्यंतचे वर्ष वाया घालवायचे नाही, एवढाच माझा इथला हिशेब होता. निम्म्या गावाची जनावरे छावणीत असल्यामुळे संस्थेने सकाळचे संकलन छावणीच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडमध्ये मांडले होते. तिथे रोज एक मांजर येऊन बसे. राखाडी पट्ट्यांची, डाव्या कानाची कड फाटलेली. ती दूध मागत नसे. कॅनच्या सावलीत बसून माझ्या हातांकडे पाहत राही. तिला मी आवडते, असा निष्कर्ष मी काढला. विद्यार्थ्याने इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर असा निष्कर्ष लिहिला असता, तर मी तो खोडला असता.

छावणी उठण्याच्या आदल्या दिवशी मी घरमालकीण मावशींकडे विषय काढला. मावशी एकट्या राहत, गळ्यात तुळशीची माळ होती आणि नारायणगडाची एकादशीची वारी त्या सहसा चुकवत नसत.

“मला एक मांजर पाळायची आहे,” मी म्हटले.

“पाळायची म्हंजी?”

“म्हणजे घरी आणायची. खायला घालायचे, दुखलेखुपले पाहायचे.”

“मांजर कुनी पाळतं व्हय? कुत्रं पाळत्यात, शेरडं पाळत्यात. मांजर आपलं असतंय. आलं तर आलं, गेलं तर गेलं.”

“ती आपणहून येणार नाही. आणावी लागेल.”

“मग ऱ्हायाची न्हाई. मांजर जागेला धरतंय, मानसाला न्हाई.” त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. “आन बापडी. पन अंड्याचं टरफल बी दिसता कामा न्हाई माज्या दारात.”

मी ‘ती मांजर’ म्हणत होते आणि मावशी ‘ते मांजर’. व्याकरणाने दोन्ही रूपे शुद्ध आहेत. आम्ही मात्र दोन वेगळ्या प्राण्यांविषयी बोलत आहोत, असे मला त्या वेळी वाटले होते आणि ते अगदीच चूक नव्हते.

संस्थेत दूध मापणाऱ्या मामांनी आणण्याची रीत सांगितली. “पोत्यात घाला, येशीला तीन चकरा मारा, मंग घरी न्या. वाट इसरतंय.”

“मामा, मांजर डोळ्यांपेक्षा नाकाने जास्त ओळखते. तिच्या गालाशी, पंजांत वासाच्या ग्रंथी असतात. चकरा मारून काही होत नाही.”

“मग वासाचं पोतं घ्या,” मामा म्हणाले आणि पुढच्या कॅनकडे वळले.

मी पोते घेतले नाही. तपासणीच्या काचनळ्या ज्यातून येतात, त्या पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडली आणि छावणी मोडत असतानाच्या गोंधळात तिला त्यात घालून घरी आणले. तिच्या अंगाला शेण, गोमूत्र आणि म्हशीच्या घामाचा मिळून एक दाट दर्प होता. मानेत गोचीड होते. ते मी चिमट्याने काढले आणि माझ्या वाट्याच्या टँकरच्या पाण्यातून अर्धी बादली काढून, औषधी साबण लावून तिला न्हाऊ घातले.

मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या. “चार दिसांनी टँकर येतोय, अन् मांजराला न्हाऊ घालतीया! पाचवी हाय का बारसं?”

“गोचीड होते, मावशी. ते घरभर झाले असते.”

“आमच्या घरात चाळीस वर्सं मांजरं हायती. एकाला बी पानी लावलं न्हाई. जिभंनं न्हात्यात ती.”

संध्याकाळी मी तिच्यापुढे दूध ठेवले. ती वाटीपाशी आली, वास घेतला आणि पुढच्या पंजाने वाटीभोवतीची फरशी ओरबाडू लागली. मांजर विष्ठा झाकते तेव्हा जसे करते, अगदी तसे. मग कॉटखाली जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी दुधात भाकरी कुस्करून दिली, तेव्हाही तिने तेच केले. वाटी बदलली, पितळेची देऊन पाहिली, मातीची देऊन पाहिली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी कटाक्षाने पाळत होते. खोलीतला कोपरा बदलला. पाण्याचे भांडे अन्नापासून दूर नेले. ती प्रत्येक वेळी शिस्तीत यायची, हुंगायची, फरशी झाकायची आणि परत जायची. पाणी तेवढे दोनदा प्यायली.

मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी आहे, तेव्हा अंडे हा पुढचा तार्किक टप्पा होता. मावशींच्या चुलीवर ते शक्य नव्हते. संस्थेत फॅटच्या नळ्या गरम राखण्यासाठी पाण्याचे एक पात्र असते. नळ्यांच्या शेजारी मी एक अंडे सोडून ठेवले. मामांनी वाकून पाहिले.

“मॅडम, या नमुन्याला फॅट किती लागली?”

ते अंडे धड उकडले नाही, धड कच्चे राहिले नाही. मी ते कागदात गुंडाळून खोलीत नेले, दार लावून घेतले आणि कॉटखाली सरकवले. तिने त्यावर नसलेली माती ओढली.

तिसऱ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर संस्थेच्या फेरीवर आले, तेव्हा मी खोके त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी तिचे तोंड उघडून पाहिले, पोट दाबले, ताप मोजला.

“आजार काही दिसत नाही. आमच्याकडे मांजर घेऊन येतंच कोण म्हणा,” ते म्हणाले. “पण उपास लांबवू नका. गायीगुरांचं वेगळं असतं. मांजराच्या लिव्हरवर येतं.”

ते मला माहीत होते. उपाशी मांजराच्या शरीरातली चरबी यकृतात साचू लागते आणि एका मर्यादेपलीकडे अन्न दिले तरी उपयोग नसतो, हे मी पुस्तकात वाचले होते. आणखी एक-दोन दिवसांत तिने खाल्ले नाही तर ती मरेल, आणि मी तिला उचलले नसते तर ती बहुधा जगली असती. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी होती. त्यांच्यामध्ये पळवाट सापडते का, हे मी दिवसभर शोधत राहिले.

उन्हे उतरल्यावर मी मावशींचे म्हणणे तपासायचे ठरवले. मांजर जागेला धरत असेल, तर तिला जागा परत द्यावी. मी खोके घेऊन छावणीच्या माळावर गेले. तिथे आता उपटलेल्या खुंट्यांची भोके आणि वाळलेल्या शेणाचे पट्टे एवढेच होते. बाकीची मांजरे कुठे गेली, कोण जाणे. झाकण उघडताच ती बाहेर आली आणि कुठेही न थांबता दावणीच्या पलीकडच्या टोकाला, एका विशिष्ट भोकापाशी गेली. तिथली जमीन जनावराच्या बसण्याने खोलगट झाली होती. ती त्या खोलगट भागात बसली. मला विलक्षण आनंद झाला. मी बरोबर आणलेले दूध पुढे ठेवले. तिने हुंगले आणि जमीन ओरबाडली. मग तोंड वर करून ती ओरडली. तसा आवाज मी तिच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. थोड्या वेळाने ती उठली, आपल्या पायांनी चालत आली आणि खोक्यात जाऊन बसली.

जागा तीच होती, मांजर तीच होती, तरी मावशींचा सिद्धांत लागू पडत नव्हता. मग हिने धरले होते ते काय?

चौथ्या दिवशी सकाळी, संकलनाच्या रांगेत, वस्तीवरच्या एका काकूंचा नंबर आला. छावणीत असताना त्यांच्या म्हशीचे दूध वाखाणण्यासारखे असे. त्या दिवशी त्यांची चरवी निम्मीही भरलेली नव्हती.

“फॅट बघा मॅडम, दूध नगा बघू. दूध निम्मं झालंय, ठावं हाय मला.”

“छावणीतला ऊस बंद झाला ना, काकू. चारा बदलला की काही दिवस दूध कमी येतेच.”

“चाऱ्याचं न्हाई ओ. पान्हा चोरतीया. कास गच्च भरल्याली, अन् चारी सड आखडून उभी ऱ्हातीया.”

“रेडकू सोडून पाहिले का?”

“कुठलं रेडकू! ते छावणीतच गेलं की.” त्यांनी पदराने चरवीची कड पुसली. “मंग ते एक मांजर तिच्या पायात येऊन बसाया लागलं. ही त्याला चाटायची अन् पान्हा सोडायची. आमचे मालक हसायचे. म्हनायचे, आपल्या म्हशीला मांजर झालंय.”

“कोणते मांजर?” मी विचारले. विचारण्याची गरज नव्हती. दावणीच्या त्या टोकाला कोणाची म्हैस असे, हेही मला आठवले होते.

“हुतं एक कान फाटल्यालं. छावणी उठली त्या दिशी लई हुडकलं. घावलंच न्हाई.”

मी लॅक्टोमीटर दुधात सोडला, आकडा वाचला, लिहिला आणि पुढच्या माणसाची चरवी मागितली. काकू निघून गेल्या.

मांजर माझ्याकडे आहे, हे मी काकूंना सांगितले नाही. सवयीच्या खुणेने पान्हा सुटतो, हे मला शिकवले गेले होते. बादलीचा आवाज, ओळखीचा हात, पेंडीचा वास, यांतले काहीही चालते, मग मांजर का चालू नये? त्याच वेळी हेही मनात होते की हा योगायोग आहे, म्हैस चार दिवसांत ताळ्यावर येईल आणि मांजर माझी राहील. बारकाईने पाहिले तर यांतले पहिले वाक्य विज्ञानाचे होते आणि दुसरे हावरटपणाचे. तरीही मी दोन्ही एकाच गंभीर स्वरात स्वतःशी बोलले.

मामा कॅनचे झाकण बसवत होते. “मॅडम, आज तुमची डिग्री जरा कमी लागतीया,” ते म्हणाले. दुधात पाणी असले की लॅक्टोमीटरवर डिग्री कमी लागते, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

दुपारी घरी गेले तेव्हा ती कॉटखालून बाहेर आली नाही. हात घातला तर सरकलीही नाही. संध्याकाळच्या धारेच्या सुमारास मी खोके स्कूटीच्या पायाशी ठेवले आणि वस्तीची वाट धरली.

काकू गोठ्यासमोर चरवी विसळत होत्या. मी खोके उघडून दाखवले. त्यांनी आत पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा आत पाहिले.

“अगं बया! तुमी नेलती व्हय? अन् सकाळी त्वांडातून शबूद न्हाई काढला?”

“मी तिला सांभाळायला नेली होती, काकू.”

“हितं काय आमी तिला भाजून खात हुतो?” काकू हसल्या.

“तिने चार दिवस काही खाल्लेले नाही.”

हे ऐकल्यावर त्या हसायच्या थांबल्या. दोन्ही हातांनी त्यांनी तिला उचलले आणि नाक आक्रसले. “हिला कसला वास येतुया? दवाखान्यावानी?”

“आंघोळ घातली. गोचीड होते म्हणून.”

“धुतली?” काकू गोठ्याकडे तोंड करून म्हणाल्या, जणू म्हशीलाच सांगत होत्या. “ऐकलं का गं? मॅडमनी तुजा पान्हाच धुतला!”

त्यांनी मांजर म्हशीच्या पुढ्यात सोडली. म्हशीने मान खाली आणली, फुस्स करून हवा सोडली आणि शिंगे हलवली. मांजर दचकून गव्हाणीच्या कोपऱ्यात शिरली. दोघींनी एकमेकींना ओळखले नाही. जे घडले ते साबणाने घडले होते आणि साबण माझा होता, एवढे मला त्या क्षणी स्पष्ट दिसले. त्या सबंध आठवड्यात मला स्पष्ट दिसलेली ती एकमेव गोष्ट.

“आता?” मी विचारले.

“आता गप बसा.”

काकूंनी गव्हाणीतली उष्टी वैरण, म्हशीने हुंगून, लाळ गाळून मागे टाकलेली, दोन्ही हातांनी गोळा केली आणि मांजरीच्या अंगावर टाकली. मांजर त्याखाली दिसेनाशी झाली. मग म्हशीवर रात्री घालायचे गोणपाट आणून त्यांनी वर टाकले. पेंडीचे घमेले पुढे सरकवले. स्वतः कासेशी बसल्या आणि नेहमीप्रमाणे म्हशीला शिव्या घालू लागल्या. एकापाठोपाठ एक, लाडाच्या, न संपणाऱ्या शिव्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा नियम त्यांनी पाच मिनिटांत चारपाच ठिकाणी मोडला.

गोणपाट हलले. मांजरीचे डोके बाहेर आले, वैरणीच्या काड्या कानावर तशाच होत्या. मी फक्त तिच्याकडे पाहत होते. तिने इकडेतिकडे हुंगले. म्हशीची जीभ आली आणि तिच्या पाठीवरून मानेपर्यंत एकदा फिरली. मांजर त्या धक्क्याने कलंडली, उठली आणि आपले ओले अंग चाटू लागली. तिच्या तोंडात चार दिवसांनी काहीतरी जात होते. मग ती गव्हाणीतून उतरली, म्हशीच्या पुढच्या पायांमधून आत आली आणि काकूंच्या गुडघ्याशी तोंड उघडून बसली. काकूंनी न पाहताच एक धार तिच्या तोंडावर मारली. ती मिशा चाटू लागली. दुसरी धार तोंडात गेली, तिसरीही गेली. चरवीत फेस चढत होता.

“काकू, पान्हा कधी सोडला तिने?” मी विचारले. “चाटायच्या आधी की नंतर?”

“मांजर बाहेर कदी आलं? पेंड खाल्ल्यावर का आधी?” काकूंनी उलट मलाच विचारले.

मी मांजर पाहत होते, त्यांचे लक्ष सडांवर होते. कोणती गोष्ट आधी घडली, याची साक्ष द्यायला दोघींपैकी एकही लायक नव्हती. पान्हा शिव्यांनी सुटला असेल, पेंडीने सुटला असेल, मांजरीने सुटला असेल. मांजर म्हशीमुळे जेवली असेल, वासामुळे, काकूंमुळे, किंवा केवळ दूध सडातून थेट आल्यामुळे. मी म्हशीच्या पायाशी शेणात बसून होते आणि मला रडू येत होते. ते कशाचे होते, हेही वेगळे काढता येत नव्हते.

“तिला इथेच ठेवू का?” शेवटी मी विचारले.

“मला काय इचारता? पोट भरू द्या की आधी तिचं.”

मी रिकामे खोके घेऊन परतले. मावशी म्हणाल्या, “गेलं?” मी मान हलवली. “गेलं तर गेलं,” त्या म्हणाल्या. पण त्यांनी कॉटजवळची पितळेची वाटी उचलायला बराच वेळ लावला, आणि मावशींना मांजर हवे होते की नको होते, याविषयीही माझा गोंधळ उडाला.

त्यानंतर काकू रोज सकाळी चरवी पुढे करताना दुधाआधी मांजरीची खबर देत. “जेवली. काल उंदीर धरला.” दूध पूर्ववत झाले होते. मी मनातल्या मनात एक सुसंगत स्पष्टीकरण रचत आणले होते. तेवढ्यात एका सकाळी त्या म्हणाल्या, “आता ती शेजारच्यांच्या शेरडांत निजतीया. म्हशीकडं ढुंकून बघत न्हाई.”

“आणि पान्हा?”

“सोडतीया की.”

“कशावर?”

“न्हाई इचारलं,” काकू म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी पुन्हा वस्तीवर गेले. काकूंनी मला पाहून चरवी घेतली आणि त्या हसल्या. “मॅडम, आज कुनाला बघाया आलाव? म्हशीला का मांजरीला?” मी ‘म्हशीला’ असे म्हटले, कारण मागच्या खेपेला मी नेमके तेच पाहिले नव्हते. या वेळी मी कासेशी बसले. शिव्या सुरू झाल्या. सड सैलावले, शिरा फुगल्या आणि धार लागली. मी मान वर केली. मघाशी शेरडांच्या कुडावर बसलेली मांजर तिथे नव्हती.

“कुठे गेली ती?” मी विचारले. “इथे आली होती का मध्ये?”

“मला काय ठावं?” काकू म्हणाल्या. “मी धार काढतीया.”